पाच वर्षं, मग बघू

शेवटची केमो झाली त्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात नर्सबाईंनी हातातली सुई काढली, कापूस दाबून धरायला लावला आणि म्हणाल्या, ‘‘सुटलात बघा काकू.’’ मी हसले. पेढे नेलेच होते, ते वाटले. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची अजून तिसरीच केमो होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खाली येऊन गाडीत बसले आणि कुरुंदवाड यायच्या आत मला रडू फुटलं. आमचे हे घाबरले. गाडी बाजूला घेऊन विचारायला लागले, काय दुखतंय, परत फिरायचं का? दुखत काहीच नव्हतं. उद्यापासून मला कुणी बोलावणार नव्हतं, त्याचं रडू होतं.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण जी बाई यातून गेली तिला कळेल. सहा महिने काहीतरी चाललेलं होतं. रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का बघायचं, मग सलाईन. आधी चार वेळा ते लाल औषध, दर तीन आठवड्यांनी, आणि मग बारा वेळा दुसरं, दर आठवड्याला. केस गेले, नखं काळी पडली, तोंड असं आलं की आमटी-भात सुद्धा झोंबायचा. त्या त्रासालाच मी पुरावा मानत होते. मला एवढं जळतंय म्हणजे ‘त्याला’ पण जळत असणार. आता हातात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर एकच ओळ: टॅमॉक्सिफेन २० मिलीग्रॅम, रोज एक.

‘‘डॉक्टर, किती दिवस?’’

‘‘पाच वर्षं. मग बघू.’’

‘‘आणि लागू पडतेय हे कळणार कसं?’’

डॉक्टर जरा थांबले. खोटं बोलणारा माणूस नाही तो. म्हणाले, ‘‘काही झालं नाही, तर लागू पडली म्हणायचं.’’

घरी आल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. ‘‘झालं न्हवं अक्का सगळं? बरं झालं न्हवं?’’ हो म्हटलं तर माझंच मन कचरायचं, नाही म्हटलं तर त्यांचे चेहरे पडायचे. सासूबाई सोडून कुणालाच मी धड उत्तर देऊ शकले नाही, आणि त्यांनी विचारलंच नाही कधी. केमोच्या दिवसांत रात्री उलटीची गोळी घ्यावी लागायची. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या त्या बाईनं स्वतः उठून मला पाणी आणून दिलेलं आहे. त्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. आता ही नवी गोळी मी सकाळी बस्तीतनं दर्शन करून आल्यावर घेते, म्हणजे नियम पण राहतो आणि वेळ पण चुकत नाही.

पण गोळी गिळून दिवस जाईना. बी.ए.ला माझा इतिहास होता. निपाणीच्या देवचंद कॉलेजात शिकले. (कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि उतरायचं ते निपाणीच्या स्टँडवर, म्हणजे कर्नाटकात. आमचं सगळंच असं सीमेवरचं.) तेव्हाची एक सवय लागलेली आहे. एखाद्या गोष्टीची भीती वाटली की ती आली कुठनं हे शोधायचं. लेकीनं मोबाइलवर शोधून दिलं, काही पुस्तकं मागवली, नडलं तिथं डॉक्टरांना विचारलं. एवढ्याशा पांढऱ्या गोळीच्या मागं शंभर वर्षांचा माग निघाला.

त्या मागाची सुरुवात गोठ्यात होते, हे वाचून मला फार आपलं वाटलं. स्कॉटलंडमधला जॉर्ज बीटसन नावाचा एक डॉक्टर, शिकत असताना दूध कसं तयार होतं या विषयावर प्रबंध लिहीत होता. त्याच्या वाचण्यात आलं, की काही देशांतले शेतकरी गाय व्याल्यावर तिची बीजकोशं काढून टाकतात, म्हणजे ती आटत नाही, दूध देत राहते. आमच्याकडं म्हैस आटली, भाकड गेली, पुन्हा कधी माजावर येणार याची चर्चा रोज सकाळी होते, पण तिच्या पोटातल्या दोन लहान गाठींचा आणि कासेचा संबंध काय, हे विचारायला कुणी थांबलेलं नाही. बीटसन थांबला. कास इथं, बीजकोश तिथं, मधे जोडणारी नस नाही. मग हुकूम जातो कसा? आणि जर बीजकोश स्तनावर हुकूम चालवत असेल, तर स्तनातल्या कर्करोगावरही चालवत असेल का?

१८९५ साली ग्लासगोत त्याच्याकडं ३३ वर्षांची एक बाई आली. रोग पसरलेला, इतर डॉक्टरांनी हात टेकलेले. बीटसननं तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगून तिची बीजकोशं काढली. काही महिन्यांत गाठी विरघळल्या. १८९६ मध्ये त्यानं हे ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापलं. ‘हॉर्मोन’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. तो आला १९०५ मध्ये. म्हणजे ज्याला नावच नाही अशा गोष्टीवर त्या बाईचा उपचार झाला. ती पुढं काही वर्षं जगली, आणि मग रोग परत आला. मी हे वाक्य वाचलं त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षं डॉक्टर हेच करत राहिले. बीजकोश काढायचे, नाहीतर किरणांनी निकामी करायचे, नंतर नंतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीसुद्धा काढायचे. साधारण तीन बायकांत एकीला गुण यायचा. बाकी दोघींचं पोट फुकट फाडलं जायचं, आणि ती एकटी कोण हे आधी ओळखायचा मार्ग नव्हता. आपल्याकडं जुन्या बायका ‘ऑपरेशनला बोलावलं की परत येत नाहीत’ म्हणून दवाखान्याला भ्यायच्या, त्यांना आम्ही हसायचो. आता हसवत नाही.

या सगळ्यात आपलं कोण होतं, हे बघायची मला उत्सुकता होती. मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यांच्या मागं उभं राहिलेलं काम. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी संशोधनाला आली: कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, शाळा हुजूरपागा. १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत कशा वाढवायच्या ते शिकल्या, आणि मुंबईला परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ते तंत्र रुजवलं. उंदरांच्या स्तनातल्या कर्करोगात आनुवंशिकता, विषाणू आणि हॉर्मोन यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर त्यांचं मोठं काम आहे. ज्या वेळी आमच्या आज्या ‘बाईच्या दुखण्या’ला नावानंही बोलावत नव्हत्या, त्या वेळी नऊवारीच्या पिढीत जन्मलेली ही बाई परळला बसून नेमक्या त्याच दुखण्याचं मूळ शोधत होती. १९७३ मध्ये वैज्ञानिक स्त्रियांची संघटना काढण्यात त्यांचा पुढाकार होता, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. मला कौतुक याचं वाटलं, की निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात आदिवासी बायका-मुलांच्या पोषणाचं काम करायला गेल्या. माझ्या लेकीच्या शाळेच्या पुस्तकात यांचा धडा नव्हता.

उंदरांचं मात्र मला टोचलं, ते लपवत नाही. आम्ही पाणी गाळून पिणारी माणसं. पीठ चाळताना अळी दिसली तर ती बोटावर घेऊन बाहेर ठेवणारी. माझ्या गोळीखाली किती उंदीर गेले असतील, याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नाही. गोळी घ्यायची नाही असं काही मी ठरवलं नाही; तेवढं वैराग्य माझ्यात नाही. यंदा क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर मनातल्या मनात त्यांची पण मागितली. शिकागोच्या किंवा मुंबईच्या पिंजऱ्यातल्या उंदरांपर्यंत सदलग्याच्या बस्तीतनं ती पोचते की नाही, देव जाणे.

शिकागोचं नाव आलं ते एल्वुड जेन्सन यांच्यामुळं. त्यांनी १९५८ च्या सुमारास किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून दाखवलं, की हे हॉर्मोन शरीरात सगळीकडं फिरतं पण ठरावीक पेशींतच मुक्काम करतं, कारण त्या पेशींत त्याला धरून ठेवणारी एक जागा असते. कुलूप म्हणा. माझ्या रिपोर्टवर ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ लिहिलंय ते हेच: माझ्या गाठीतल्या पेशींना ते कुलूप होतं. ज्या तिघींतल्या एकीला बीटसनच्या ऑपरेशनचा गुण यायचा, ती बहुतेक अशीच कुलूपवाली असायची. कळायला साठ वर्षं गेली.

आणि आता माझी गोळी. १९६२ मध्ये इंग्लंडात आयसीआय नावाच्या कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती पहिल्यांदा बनवली. ती कर्करोगासाठी नव्हतीच! कंपनीला हवं होतं गर्भनिरोधक. उंदरांत ते छान चाललं. बायकांना दिल्यावर उलटंच व्हायला लागलं, बीजकोश जास्तच जोमानं काम करायला लागले. मूल होऊ नये म्हणून केलेली गोळी, मूल व्हावं म्हणून देता येईल अशी निघाली. कुठल्याही हिशेबी माणसानं ती फेकून दिली असती. पण त्या गटाचे प्रमुख आर्थर वॉलपोल यांना कर्करोगात रस होता. मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये मेरी कोल या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग खूप पुढं गेलेल्या ४६ बायकांना ती देऊन बघितली. १९७१ मध्ये निकाल छापला. १० जणींना चांगला गुण. चाळीसच्या वर बायकांत दहा! पण त्या वेळच्या इतर हॉर्मोनच्या औषधांपेक्षा त्रास फारच कमी, एवढ्या एका कारणानं ती गोळी तगली. १९७३ मध्ये इंग्लंडात आणि १९७७ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

या गोळीचा स्वभाव कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. स्तनात ती इस्ट्रोजेनच्या कुलपात खोटी किल्ली अडकवून बसते, खरीला आत येऊ देत नाही. पण गर्भाशयाच्या अस्तरात तीच गोळी थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते, त्यामुळं तिथला कर्करोग व्हायची शक्यता जरा वाढते. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ती आधार देते. रक्ताची गुठळी व्हायचा धोका पण तिच्यात आहे. एकच गोळी, एकाच शरीरात, इथं शत्रू तिथं मित्र. डॉक्टर हे समजावताना जरा अवघडले होते, मला फार सोपं गेलं. लहानपणी पाठशाळेत पंडितजी स्याद्वाद शिकवायचे, ‘स्यात् अस्ति, स्यात् नास्ति’ असं म्हणायला लावायचे आणि आम्ही मागच्या बाकावर चिंचा खायचो. एका अपेक्षेनं आहे, दुसऱ्या अपेक्षेनं नाही. पन्नाशी उलटल्यावर तो धडा गोळीच्या पाकिटात सापडला.

राहिला माझा मूळ प्रश्न. पाच वर्षंच का? मला वाटायचं, शरीराचं काही गणित असेल, अमुक वर्षांत पेशी मरतात वगैरे. तसं काही नाही. हा आकडा बायकांनी मोजून काढलेला आहे. सुरुवातीला डॉक्टर वर्षभरच गोळी द्यायचे, मग दोन वर्षं, मग कुणीतरी पाच वर्षं देऊन बघितली. जगभरातल्या ५५ अभ्यासांतल्या सुमारे ३७,००० बायकांची माहिती ऑक्सफर्डच्या लोकांनी एकत्र केली आणि १९९८ मध्ये छापली. रोग परत येण्याचं प्रमाण एक वर्षाच्या गोळीनं २१ टक्क्यांनी कमी झालेलं, दोन वर्षांच्या गोळीनं २९ टक्क्यांनी आणि पाच वर्षांच्या गोळीनं ४७ टक्क्यांनी. तेव्हापासून पाच पक्के झाले.

मग जास्त घेतली तर? अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाच वर्षं पूर्ण झालेल्या बायकांपैकी निम्म्यांची गोळी पुढं चालू ठेवली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. १९९६ चा निकाल म्हणाला, पाचच्या पुढं फायदा नाही. डॉक्टर थांबले. पण ३६ देशांतल्या १२,८९४ बायकांचा एक मोठा अभ्यास त्याच सुमाराला सुरू झालेला होता, त्याचा निकाल २०१२ च्या शेवटी आला आणि तो नेमका उलटा होता. माझ्यासारख्या कुलूपवाल्या ६,८४६ जणी त्यात होत्या. दहा वर्षं घेणाऱ्यांत ६१७ जणींचा रोग परतला, पाचला थांबणाऱ्यांत ७११ जणींचा. मृत्यू ३३१ आणि ३९७. गर्भाशयाचा कर्करोग मात्र दहा वर्षंवालींत जास्त. आणि फायदा दिसायला लागला तो मुख्यतः दहाव्या वर्षानंतर, गोळी थांबल्यावरही.

हे आकडे मी वहीत उतरून घेतले, दोन-तीनदा वजाबाकी केली. ९४ आणि ६६. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात हा फरक किती बारीक आहे! आणि ज्या ९४ जणी वाचल्या, त्यांना स्वतःला कधीच कळलं नसणार की आपण त्या ९४ मधल्या. त्यांनीही माझ्यासारखीच सकाळी गोळी घेतली असेल आणि संध्याकाळी भाजी निवडली असेल. त्यातल्या किती जणींना घाम फुटून मध्यरात्री जाग येत असेल, गुडघे धरत असतील. आपल्याला कुठल्या गटात टाकलंय हे चिठ्ठी काढून ठरणार, हे माहीत असूनही त्यांनी होकार दिला. एकीचंही नाव कुठं छापलेलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांचं ‘मग बघू’ मला टाळाटाळ वाटलं होतं. आता वाटतं, त्यांच्यापाशी तेवढंच खरं होतं. माझ्या पाच वर्षांनंतर काय करायचं हे माझी पाळी पूर्ण थांबलीय की केमोनं नुसती दबलीय, यावर ठरेल. पाळी गेलेल्या बायकांसाठी लेट्रोझोलसारख्या वेगळ्या गोळ्या आहेत, त्या चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेनच तयार होऊ देत नाहीत, आणि हाडं ठिसूळ करतात. कदाचित तोवर कुणीतरी आणखी एक आकडा छापलेला असेल.

भीती गेली म्हणत नाही. परवा पाठीत उसण भरली तर तीन रात्री झोप नाही. आमच्या दूधगंगेला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पूर आला. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरं धुतली, ऊस पुन्हा लावला, पण जुलै लागला की अजून माणसं दिवसातनं दोनदा पुलापर्यंत जाऊन पाणी बघून येतात. आमचे हे पण जातात. बघून पाणी थांबत नाही, हे त्यांना पण माहीत आहे. मी आरशासमोर उभी राहून काखेत हात घालून बघते, ते त्यातलंच. डॉक्टरांनी महिन्यातनं एकदा बघायला सांगितलंय. मी रोज बघत होते, आता आठवड्यावर आणलंय.

केस आलेत, आणि कुरळे आलेत! जन्मभर सरळ होते. धाकटी जाऊ म्हणते, ‘‘अक्का, पार्लरचे पैसे वाचले की.’’ आता गल्लीत कुणी ‘बरं झालं न्हवं?’ विचारलं तर मी ‘गोळी चालू हाय’ एवढंच सांगते. बायकांना ते पटतं. बीपीची, साखरेची, कुठली ना कुठली गोळी इथं प्रत्येकीची चालू आहेच.

आज अकरावा महिना संपला. पाकिटात दोन गोळ्या राहिल्यात. उद्या निपाणीला भाचा जाणार आहे, त्याच्याकडं चिठ्ठी दिलीय, आणि सोबत बजावलंय की दुकानदार दुसऱ्या नावाची देत असेल तर आधी फोन कर.